तीन ग्रॅम

"यात अंड्याचं काही नाही ना हो?" खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, आणि ती म्हणाली, "छे, काही नाही."

बोलून गेली ती. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगून मोकळं व्हावं, इतकी सहज. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम सैल पडला. "बरं झालं बाई विचारलं ते. शेजारच्या खाटेवरचा एक शहाणा म्हणाला, त्या पांढऱ्या पिशवीत अंडं असतं म्हणून. आमच्या हिनं चाळीस वर्षांत अंडं शिवलेलं नाही. लग्नाच्या वेळी एकच अट घातली होती, घरात अंडं येणार नाही. मी आपला बाहेर खायचो आणि चूळ भरून घरी यायचो. तरी हिला कळायचंच." तो हसला, खिशातल्या वहीत त्यानं दोन शब्द टिपून घेतले, चष्मा पुसला आणि जिन्याकडे वळला. घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. पायऱ्यासुद्धा एकेक मोजून चढल्यासारखा चढत होता. ती काचेआड उभीच राहिली. तिच्या हातात त्याच्याच बायकोच्या आजच्या पिशवीचा कागद होता, आणि त्या कागदावर, वरून सातव्या ओळीत, लिपिड अडीचशे मिली असं लिहिलेलं होतं.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या खोलीत बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. ज्यांच्या आतड्यातून अन्न जाऊ शकत नाही, त्यांचं जेवण पिशवीत कालवायचं. वरच्या मजल्यावर ते जेवण गळ्याखालच्या मोठ्या शिरेतून थेंब थेंब रक्तात जायचं. तोंड, जीभ, पोट, सगळ्यांना वगळून. आधी ग्लुकोज, मग प्रथिनांचं पाणी, मग सोडियम, पोटॅशियम. फॉस्फेट आधी आणि कॅल्शियम क्षारांत सगळ्यात शेवटी, कारण ती दोघं म्हणजे एका चुलीवरच्या दोन जावा. पाठोपाठ आत सोडल्या की भांडून खडा करणार, आणि तो खडा फुप्फुसात जाऊन बसला की माणूस गेलाच. म्हणून पिशवी हलवायची, काळ्या फळ्यासमोर धरून डोळ्यांत तेल घालून बघायची, स्वच्छ आहे अशी खात्री झाली की मगच लिपिड. लिपिड म्हणजे सोयाबीनचं तेल. पण तेल काही पाण्यात नांदत नाही, तेव्हा त्याचे बारीक बारीक थेंब करून प्रत्येकाला अंड्याच्या बलकातून काढलेल्या एका चिकट पदार्थाचं अस्तर लावलेलं असतं. एका बाटलीत तीन ग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे काय, तर जेमतेम अर्धा चमचा. ते पडलं की पाण्यासारखी पिशवी बघता बघता दुधासारखी होते आणि मग आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

"काय म्हणत होता तो?" आतून थेंबसाहेबांनी विचारलं. खोलीचे प्रमुख, थेंबाचाही हिशेब चुकू देत नाहीत म्हणून हे नाव, आणि ते त्यांना माहीत होतं, आवडतही होतं. "काही नाही," ती म्हणाली. दुसऱ्यांदा. एकदा तोंडाला वळण लागलं की लागलं.

तिनं हात कोपरापर्यंत धुतले, गाऊन चढवला, टोपी, मास्क, हातमोजे, आणि गाळलेली हवा सोडणाऱ्या हुडसमोर बसली. हवेचा एकसारखा घोष सुरू झाला. या घोषात तिला एरवी बरं वाटायचं. जगाची कटकट काचेपलीकडे राहायची. आज मात्र त्या घोषात आईचा आवाज होता. ओरडा नाही, रडं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी साधा, चौकशीचा आवाज. "काय घातलंस गं आज?" आई रोज हेच विचारायची. नऊ वर्षांपूर्वी, इथल्याच वरच्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर. लहानपणी ती आणि तिचा भाऊ शाळेला निघताना आईला विचारायचे, आज डब्यात काय आहे, आणि आई खरं सांगायची. नावडती भाजी असली तरी सांगायची, वर म्हणायची, "नाक मुरडायचं ते इथेच मुरडून घ्या, शाळेत नको." शेवटी शेवटी डबा भरणारी बदलली होती आणि विचारणारीही. आईच्या आतड्यात गाठ झाली होती. तोंडानं घोटभर पाणीसुद्धा बंद होतं. आणि आईची पिशवी लेकीनं स्वतःच्या हातांनी बनवायची, असं लेकीनंच हट्टानं ठरवून घेतलं होतं. थेंबसाहेब तेव्हाही म्हणाले होते, आपल्या माणसाची पिशवी आपण करू नये, हात थरथरतो. तिचा हात थरथरला नव्हता. ती अभिमानानं सांगायची तसं, एक मिलीचाही फरक पडला नव्हता.

सुरुवातीला पिशवी पाण्यासारखीच होती. "साखर, मीठ आणि प्रथिनं, आई." "म्हणजे सरबतच की," आई म्हणायची. दहाएक दिवसांनी आईच्या पायांची कातडी सुकून कोंड्यासारखी गळायला लागली, ओठांच्या कडा चिरल्या, आणि वॉर्डातल्या डॉक्टरनं बाहेरच्या पॅसेजमध्ये तिला गाठून सांगितलं की आता स्निग्ध पदार्थ द्यायला हवेत. फॉर्म पुढे केला. त्यावर एक चौकट होती, अजूनही आहे, प्रत्येक फॉर्मवर आहे: अंडं किंवा सोयाबीन यांची ॲलर्जी? आहे, नाही. ती चौकट अंगावर पित्त उठतं का, श्वास कोंडतो का, एवढंच विचारते. तुम्हाला चालेल का, असं विचारत नाही. आईला अंड्याची ॲलर्जी नव्हतीच. लेकीनं 'नाही'वर खूण केली आणि सही ठोकली. खोटं काय होतं त्यात? काही नाही. कोर्टात उभं केलं असतं तरी ती सुटली असती.

आई लहान असताना शेजारच्या खुराड्यातून अंडी आणायचं काम तिच्याकडे होतं. एकदा एक अंडं हातातच फुटलं आणि आत अर्धवट झालेलं पिल्लू होतं, ओलं, डोळे मिटलेलं, आणि ते हाताच्या तळव्यावर एकदा हललं. एवढीच गोष्ट. ती आईनं मुलांना एकदाच सांगितली होती, तीही भांडी घासता घासता, पाठ फिरवून. त्यानंतर आईनं अंडं खाल्लं नाही, घरात येऊ दिलं नाही. कुणाच्या घरी वास आला तर ती बोलता बोलता हळूच उठून खिडकीशी जाऊन उभी राहायची. एकदा भावानं, कॉलेजात असेल तेव्हा, केक आणला आणि बिनअंड्याचा आहे म्हणून आईला भरवला. खाऊन झाल्यावर टाळ्या पिटत म्हणाला, "बघ, कळलं का तुला? होतं की अंडं!" आई हसली नाही, ओकलीही नाही. चार दिवस त्याच्याशी बोलली मात्र नाही. अंड्यामुळे बोलली नाही की फसवल्यामुळे, ते कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगण्यातली आई नव्हती.

पहिली पांढरी पिशवी लागली त्या दिवशी आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. "आज दुधासारखी का गं?" "तेल घातलंय, आई. तुझी कातडी सुकलीय ना." "कसलं तेल?" "सोयाबीनचं." हे तर शंभर टक्के खरं होतं. आई म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळानं, "आणखी काय?" "आणखी काही नाही." मनात तिनं म्हटलं होतं, उद्या सांगू. आज दमलीय. उद्या आई जास्तच दमलेली होती. मग तिनं ठरवलं, जरा तरतरी आली की सांगू. तरतरी आली सुद्धा, कातडी मऊ पडली, आईनं आरसा मागून घेतला, केस विंचरून घेतले, आणि तेव्हा कुणाला सांगावंसं वाटणार? रोज आई विचारायची आणि रोज ती यादी म्हणायची. साखर, मीठ, प्रथिनं, तेल, जीवनसत्त्वं. पाढ्यासारखी. त्या पाढ्यात एक जागा ती रोज ओलांडायची आणि ओलांडताना तिचा आवाज जरा चढायचा, हे तिला स्वतःलाच ऐकू यायचं. आईला ऐकू येत होतं का? हे तिला नऊ वर्षं कळलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशीसुद्धा आईनं विचारलं होतं. जीभ जड झाली होती, शब्द नीट उमटत नव्हते, पण प्रश्न तोच होता. पुढे तेराव्या दिवशी भाऊ गळ्यात पडून म्हणाला, "तू होतीस म्हणून आईला शेवटी नीट पोटभर मिळालं गं." तेव्हा तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यालाही सांगितलं नाही.

नऊ वर्षांत ती वर गेली नव्हती. जिना होता, लिफ्ट होती, मिटिंगा असायच्या. ती कुणाला तरी पाठवायची. पिशव्या वर जायच्या, रिकाम्या पिशव्या कचऱ्यात जायच्या. नावाऐवजी तिला खाटेचे आकडे पाठ असायचे. माणूस बघायचा नाही हा तिचा नेम होता आणि त्याला ती मनाशी शिस्त म्हणायची. भीती म्हणायला तोंड उघडत नव्हतं. रात्री झोप लागायची, जेवण जायचं, ऑफिसातल्या विनोदांना ती सगळ्यांच्या आधी हसायची. फक्त कधीतरी फ्रीज उघडताना, कधी सिग्नलला गाडी थांबली की, मागच्या सीटवरून कुणीतरी चौकशी केल्यासारखं व्हायचं. काय घातलंस गं आज?

ग्लुकोज झालं. प्रथिनं झाली. क्षार झाले. फॉस्फेट, मग हलवणं, मग कॅल्शियम. तिनं पिशवी काळ्या फळ्यासमोर धरली. खडा नाही, धागा नाही, बुडबुडासुद्धा नाही. आरपार दिसत होतं. आता लिपिडची बाटली उचलायची, सुई टोचायची आणि सोडायचं. तिनं बाटली उचलली. बाटलीवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. बाटली काही लपवत नव्हती. लपवणारी एक तीच. पांढऱ्या रंगाकडे बघता बघता सुई टोचायची राहूनच गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं बाटली खाली ठेवली, पिशवीचं तोंड बंद केलं आणि उठली.

"मी वर जाऊन येते," ती म्हणाली.

थेंबसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पिशवी अर्धी टाकून? कुठे?"

"सोळा नंबर. मघाचे काका आले होते ना, त्यांनी विचारलं, यात अंडं आहे का. मी नाही म्हटलं."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "हे बघ. तिची आतडी गळतायत. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा पोट उघडायचंय. तोवर ही जगणार कशावर? तू जाऊन सांगशील, ती म्हणेल नको. जखम भरणार नाही. मग कुणाच्या डोक्यावर? तुझ्या. तीन ग्रॅमसाठी? औषध आहे ते, ऑम्लेट नाही."

"मला माहीत आहे."

"मग कशाला विकतचं दुखणं? डॉक्टरनं लिहिलंय, आपण करायचं."

"साहेब, मी आईला नाही सांगितलं," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाशी तरी. आणि म्हटल्यावर काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही, साहेबांचा चेहरासुद्धा फारसा बदलला नाही. ते फक्त म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि तिच्या अर्ध्या पिशवीवर स्वच्छ कापड टाकायला उठले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "आधी वॉर्डातल्या डॉक्टरला सांग. परस्पर पेशंटकडे जाऊ नकोस."

जिन्यात फिनेलचा वास होता, तोच. डॉक्टर पोरगेलीच होती, घाईत होती, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगायलाच हवं. आम्ही ॲलर्जी विचारली, हे विचारलंच नाही. तुम्ही सांगाल का? मी पाच मिनिटांत येते." सोळा नंबर खिडकीकडचा नव्हता, निदान तेवढं तरी नव्हतं. खाटेवर एक हडकुळी, तरतरीत म्हातारी उशीला टेकून बसली होती. कालची पांढरी पिशवी वर लटकत होती, तळाशी चार बोटं उरली होती. म्हातारा शेजारच्या स्टुलावर वही मांडीवर घेऊन बसला होता. तिला बघून तो उठला. "अगं, याच त्या. खालच्या. मी सांगितलं ना तुला, यात काही नाही म्हणाल्या."

"काका, मी खोटं बोलले," ती म्हणाली. उभ्या उभ्याच. "आहे. तेल पाण्यात मिसळावं म्हणून अंड्याच्या बलकातलं थोडं असतं. तीन ग्रॅम. पहिल्या दिवसापासून आहे."

म्हातारा पुन्हा स्टुलावर बसला. त्यानं वही उघडली, मघाशी लिहिलेल्या दोन शब्दांकडे बघितलं आणि पुन्हा मिटली. म्हातारी मात्र पिशवीकडे बघत होती.

"किती दिवस झाले हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"अकरा."

"अकरा दिवस." मग ती हिच्याकडे वळली. "आणि ह्यांना नाही म्हणून का सांगितलंस? हे भोळे दिसले म्हणून?"

"नाही, मावशी. तोंडातून गेलं."

"तोंडातून काही आपोआप जात नाही. माझ्या तोंडातून तर सध्या काहीच जात नाही." शेजारच्या खाटेवरचा शहाणा फिस्सकन हसला, म्हातारीनं नुसतं बघितलं, तो गप्प झाला. "मी इथं निजलेय. कान शाबूत आहेत, अक्कल शाबूत आहे. कुणाला एकदा येऊन विचारावंसं वाटलं नाही? हिचं पोट फाटलंय म्हणजे हिला मनही राहिलं नाही, असं का?"

ती ऐकत राहिली. प्रत्येक शब्द तिला आतून ओळखीचा होता. नऊ वर्षं हे बोलणं तिनं स्वतःच रचून, स्वतःलाच ऐकवलं होतं, आणि आज ते परक्या तोंडातून येत होतं तेव्हा तिला रडू फुटलं. "माझ्या आईलाही मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "ती पण खायची नाही. ती गेली. रोज विचारायची मला, आणि मी..."

"तुझं आणि तुझ्या आईचं तुम्ही दोघी बघा," म्हातारी म्हणाली. दुष्टपणानं नाही, पण स्पष्ट. "त्यात मला ओढू नकोस. माझं बोल. हे नाही घातलं तर काय होईल?"

तिनं डोळे पुसले आणि सांगितलं. जसं आहे तसं. वाढवलं नाही, कमी केलं नाही. एक-दोन आठवडे चालेल. मग कातडी सुकेल, फुटेल. जखम भरायला वेळ लागेल. डॉक्टरांशी बोलून रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा देता येईल, म्हणजे कमीत कमी. अजिबात नको म्हणालात तरी तो तुमचा अधिकार आहे, पिशवी पाण्यासारखी करून देईन.

"अगं, घे की," म्हातारा काकुळतीला आला. "औषधच आहे ते. मी कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही जरा बाहेर जा बरं," म्हातारी म्हणाली. तो गेला. म्हातारीनं डोळे मिटले. पिशवीतून थेंब पडत होता, एक, मग एक. डॉक्टर दारापर्यंत आली आणि म्हातारीकडे बघून तिथेच थांबली. खाटेशी उभ्या असलेल्या तिला वाटलं, ही म्हातारी आता नाही म्हणणार. आणि नाही म्हणाली तर उद्यापासून तिचं सुकत जाणं आपल्या हातांनी, रोज, पिशवीत भरून वर पाठवायचं. साहेब बरोबर म्हणत होते. कुठून दुर्बुद्धी झाली. तोंड बंद ठेवलं असतं तर ही बाई महिन्याभरात बरी होऊन, काहीही न कळता, घरी गेली असती.

"घाल," म्हातारी डोळे न उघडताच म्हणाली.

"काय?"

"घाल म्हटलं. रोज लागत असेल तर रोज घाल. चाळीस वर्षं नाही म्हटलं ते मी माझ्या तोंडानं म्हटलं. आता हो म्हणायचं तर तेही मीच म्हणणार ना? ते अकरा दिवस मात्र तुमच्या पदरात. त्याची माफी बिफी मागू नकोस, मी देणार नाही." तिनं एक डोळा उघडला. "जा आता. आणि ह्यांना आत पाठव, बाहेर उभे राहून रडत असतील."

ती बाहेर आली. म्हातारा खरंच रडत होता. तिनं त्याला आत जा म्हणून सांगितलं, डॉक्टरला मान हलवून खूण केली आणि जिना उतरायला लागली. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट मधल्या वळणावर ती पायरीवर बसली. इतकंच होतं तर. जाऊन सांगायचं, बोलणी खायची, आणि उत्तराची वाट बघायची. चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो. आईलाही मन होतं, अक्कल होती, चार दिवस अबोला धरण्याइतका हट्ट होता. ती कदाचित म्हणाली असती, घाल. कदाचित म्हणाली असती, काढ ते. पायरीवर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, तिनं दोन्ही शब्द आईच्या आवाजात मनाशी म्हणून पाहिले, एकदा, मग पुन्हा एकदा. दोन्ही वेळा तो हुबेहूब आईचाच आवाज होता.